पीएमईजीपीच्या कर्जातून भाड्याचा गाळा: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

जव्हार तालुक्यात नागलीची बिस्किटं, पापड आणि पीठ करायचा माझा छोटा उद्योग आहे. मी कोकणा आदिवासी समाजाची. पहिली चार वर्षं सगळं घरातच चालायचं. पावसाळ्यात आमच्याकडे भिंती ओल धरतात. सकाळी भाजलेली बिस्किटं संध्याकाळी मऊ पडायची, आणि नाशिकच्या दुकानदारानं दोनदा माल परत पाठवला. मशिनच्या आधी मला कोरडी जागा हवी होती. ती शेवटी पीएमईजीपीतून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून मिळाली; त्यात उद्योगासाठी बँकेचं कर्ज आणि सरकारचं अनुदान मिळतं.

जागेसाठी कर्ज म्हटलं की पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. आमची दोन एकर वनपट्ट्याची, म्हणजे वनहक्क कायद्यानं कसायला मिळालेली. कायद्याप्रमाणे पट्ट्यावर नवऱ्यासोबत माझंही नाव आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ती जमीन वारसांकडे जाते, विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. माहेरच्या सातबाऱ्यावर भावांची नावं. शिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, त्यामुळे तारण म्हणून ती घ्यायला बँका कचरतात. हे कायदे आपल्या जमिनी वाचवायला झालेत, ते तसेच राहावेत. म्हणूनच आपल्या बायकांना जागेसाठी मिळणारी मदत जमिनीच्या तारणावर अडता कामा नये.

आदिवासींना कर्ज देणारं राज्य सरकारचं शबरी महामंडळ आहे. त्याच्याकडच्या आदिवासी महिला सशक्तीकरण योजनेत २ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ९०% कर्ज, वर्षाला ४% व्याजानं मिळतं. व्याज फारच कमी. पण २ लाखांत माझी मशिनंसुद्धा बसत नव्हती. स्टँड-अप इंडिया या महिला आणि दलित-आदिवासी उद्योजकांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं कर्ज १० लाखांपासून पुढे होतं, ते मला झेपणारं नव्हतं. म्हणून पीएमईजीपीचा अर्ज केला.

या योजनेच्या नियमात एक ओळ आहे, ती मला कुणी सांगितली नव्हती. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही, पण कामाच्या शेडचं भाडं जास्तीत जास्त ३ वर्षांचं धरता येतं. माझा प्रकल्प ६ लाखांचा: मशिनं ३,१०,०००, गाळ्याचं भाडं महिना ३,५०० प्रमाणे ३६ महिन्यांचं १,२६,०००, बाकी खेळतं भांडवल. आदिवासी असल्यानं स्वतःचा हिस्सा ५%, म्हणजे ३०,०००. ग्रामीण भागात अनुदान ३५%, शहरी भागात २५%. जव्हार गावात नगरपरिषद आहे. बाजारपेठेतला गाळा घेतला असता तर ६०,००० रुपये कमी मिळाले असते, म्हणून हद्दीबाहेर ग्रामपंचायतीतला पाहिला. गिऱ्हाईक तिथे चालत येत नाही, पण माझा माल बहुतेक बाहेरच जातो.

खरा त्रास पुढे झाला. बँकेच्या शाखेत आधी सांगितलं, भाडं धरता येत नाही. मी नियमाचं पान छापून, त्या ओळीखाली रेघ मारून नेलं. मग ३ वर्षांचा नोंदणीकृत करार मागितला. आमच्याकडे गाळे ११ महिन्यांच्या साध्या स्टॅम्प पेपरवर दिले जातात. गाळामालक काकांना भीती, तीन वर्षांची सही केली की जागा हातची गेली. शेवटी काकूंनीच त्यांना समजावलं. पुढे १० लाखांच्या आतल्या कर्जाला तारण मागायचं नसतं, तरी सातबारा मागितला. तेही लेखी द्या म्हटल्यावर विषय थांबला.

सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही: मंजुरीच्या आधी जागा दाखवावी लागते आणि पैसे मंजुरीनंतर येतात. मधले चार महिने रिकाम्या गाळ्याचं भाडं मी भरलं, १४,००० रुपये. अनामत २०,००० कर्जात बसत नाही, ती बचत गटातून उचलली. ज्या ताईकडे एवढेही पैसे नाहीत तिनं काय करायचं? माझं ठाम मत आहे की मंजुरीपर्यंतचं भाडं आणि अनामत शबरी महामंडळानं बिनव्याजी द्यावी, जागा ठरल्याच्या दिवसापासून.

आता चांगलं. गाळ्याचा करार हातात आल्यावर अडलेली कामं एकामागून एक झाली. मालकाच्या संमतीपत्रावर थ्री-फेज वीज आली, जागेचा पुरावा असल्यानं अन्न परवान्याची नोंदणी झाली. मागच्या पावसाळ्यात एकही पाकीट परत आलं नाही. आता माझ्यासोबत तीन बायका काम करतात, आणि घरी चुलीपाशी पुन्हा स्वयंपाकच होतो. हप्ता सहा महिन्यांनी सुरू झाला, ७,८०० च्या आसपास. दिवाळीआधी सहज निघतो, जून-जुलैत ओढाताण होते.

अनुदानाचे २,१०,००० बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून राहतात. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. उद्योग चालू असल्याची पाहणी झाल्यावर ते कर्जात वळते होतात. म्हणजे तोवर गाळा सोडणं परवडणार नाही. माझ्या कराराचे २२ महिने उरलेत आणि काकांनी पुढच्या भाड्याचा विषय आत्ताच काढलाय. वाढ किती ते करारातच लिहून घ्यायला हवं होतं, मी ते केलं नाही. तुम्ही अर्ज करणार असाल तर सही करायच्या आधी ते कलम घालून घ्या, आणि करार नवऱ्याच्या नाही, स्वतःच्या नावावर करा.