नवजात बाळाचा पक्षाघात: सोनोग्राफी, सीटी की एमआरआय?

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या, वरकरणी ठणठणीत बाळाच्या एकाच हाताला किंवा पायाला पहिल्या दोन-तीन दिवसांत वारंवार झटके येऊ लागले, तर मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची, म्हणजेच पक्षाघाताची, शंका घ्यावी लागते. मोठ्यांसारखी एक बाजू लुळी पडणे या वयात सहसा दिसत नाही, त्यामुळे निदानाचा भार मेंदूच्या चित्रणावर येतो. गोव्यातल्या काणकोण किंवा सत्तरी तालुक्यातील आईवडिलांपुढे मग प्रश्न असतो, की जवळच्या तपासणीवर थांबावे, की बाळाला एमआरआयसाठी बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयासारख्या ठिकाणी हलवावे.

टाळूवरून होणारी सोनोग्राफी काचपेटीपाशीच करता येते आणि ती लगेच करावीच. मेंदूच्या पोकळ्यांतील रक्तस्राव ती चांगला दाखवते. रक्तपुरवठा तुटल्याने झालेली ताजी इजा, विशेषतः पृष्ठभागालगतची, मात्र तिच्यातून अनेकदा निसटते. झटके येणाऱ्या बाळाची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून विषय मिटवणे मला तरी धोक्याचे वाटते.

सीटी काही मिनिटांत उरकतो आणि मोठ्या रक्तस्रावाची तातडीची शंका असल्यास उपयोगी पडतो. एरवी, क्ष-किरणांचा मारा सोसूनही नवजात मेंदूतील ताजी इजा त्यात अस्पष्टच राहते, कारण या मेंदूत पाण्याचे प्रमाण मुळातच जास्त असते.

एमआरआयमधील डिफ्यूजन चित्रे (ऊतींतील पाण्याची हालचाल टिपणारी) ही इजा पहिल्या काही दिवसांत सर्वांत ठळक दाखवतात. साधारण आठवड्याने तीच खूण फिकी पडून चित्र फसवे होऊ शकते, म्हणून ‘घरी जाताना बघू’ म्हणत तपासणी लांबवू नये. हालचालीचे संदेश नेणाऱ्या मार्गावर इजा दिसली, तर पुढे एका बाजूला कमजोरी राहण्याची शक्यता आधीच कळते आणि फिजिओथेरपी लवकर सुरू करता येते. दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कान झाकले की बरीच बाळे भूल न देताही मशीनमध्ये झोपून राहतात. मात्र हलवण्यापूर्वी झटके आटोक्यात आलेले आणि रक्तातील साखर व कॅल्शियम तपासलेले असावे. झटक्यांमागे जंतुसंसर्गही असू शकतो, त्याचे उपचार प्रवासासाठी अडवून ठेवू नयेत.

न्यायचे ठरल्यास धमन्यांसोबत शिरांचीही चित्रे त्याच वेळी काढणार का, हे डॉक्टरांना विचारावे, कारण गुठळी शिरेत असेल तर रक्त पातळ करणारे औषध द्यायचे की नाही, हा निर्णय त्यावर ठरतो.