एक-एक सुरी, की पाचांचा घाणा?

घरी सुऱ्या बनवायला उद्यमनगरातून पोलादाची पट्टी आणली की प्रश्न पडतो: एकच सुरी धारेपर्यंत न्यायची, की पाच पाती कापून एकदम घाणा काढायचा? ज्यांच्या हाताशी फक्त रविवार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून पाहिलंय.

पहिल्या तीन-चार सुऱ्या एक-एक करूनच संपवा. कापणं, कानस मारणं, पाणी देणं (म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक करणं), मूठ बसवणं, धार लावणं, हे सगळं एकाच पात्यावर सलग झालं की आधीची चूक पुढे कुठे नडते ते लगेच कळतं. मी घाई केली. पहिल्याच घाण्यात मुठीच्या रिव्हेटची भोकं पाडायची राहिली आणि पाचही पाती तेलात बुडवून झाली. कडक पोलादावर ड्रिल नुसतंच किंचाळत फिरलं, टोक निळं पडलं. मग पाचही पाती परत लाल करून राखेत निवत ठेवली आणि भट्टीचं काम पहिल्यापासून केलं. एकच सुरी असती तर एकाच पात्यावर निभावलं असतं.

हात बसला की मात्र घाण्याचा फायदा भट्टीपाशी दिसतो. पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. तो ठिसूळपणा कमी करायला साध्या कार्बन पोलादाचं पातं 200 अंश सेल्सिअसच्या आसपास दोन तास, असं दोनदा ओव्हनमध्ये ठेवावं लागतं. एका पात्याला चार तास लागतात आणि पाचांनाही तेवढेच. एक-एक केलं तर 20 तास जातात. ग्राइंडरचे 60, 120, 220 नंबरचे, जाड ते बारीक घासायचे बेल्टही पाच-पाच वेळा चढवावे लागत नाहीत. पण पाचही पाती एकाच पट्टीतली हवीत. एक ट्रकच्या पाट्याचं आणि दुसरं बेअरिंगचं असेल, तर एकाला मानवलेली आच दुसऱ्याला मानवेलच असं नाही. तेलाचा डबा लहान असेल तर दोन पात्यांमध्ये थांबा. तेल 50-60 अंशांवर उतरलं की मगच पुढचं बुडवा.

मुठीपाशी घाणा अंगावर येतो. मूठ चिकटवायचं इपॉक्सी कालवलं की घट्ट होण्याआधी थोडाच वेळ मिळतो, आणि एका मुठीला दोन-तीन क्लॅम्प लागतात. तिसऱ्या मुठीपर्यंत हात चिकट होतात, फट राहते. शिवाय शिसवीच्या रेषा पाहून, मुठीत धरून आकार ठरवण्यातच या छंदाचं खरं सुख आहे. ते घाईत उरकू नका.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार करा. जुलैत घासलेलं पातं रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात, आणि घाण्यात चार पाती नेहमीच ताटकळत असतात. तेलाचा हात फिरवल्याशिवाय दिवा बंद करू नका.

म्हणून माझा कौल असा: ओव्हनमधून बाहेर पडेपर्यंत घाणा, तिथून पुढे एक-एक. आत्ताही माझ्या खणात तीन पाती तेलकट फडक्यात आहेत. चौथ्याची मूठ क्लॅम्पमध्ये आहे; उद्या संध्याकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही.