ब्रेकचं पेडल थरथरतंय: पॉट साफ करायचा, हॉल सेन्सर बसवायचा की लोड सेल घ्यायचा?

संगणकावरचा रेसिंग गेम, इटलीतल्या मोंझा ट्रॅकचा लांब सरळ पट्टा, उजवा पाय थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पेडलवर, पूर्ण दाबलेला, तरी गाडीचा वेग नेहमीच्या आकड्याला पोचत नाही. ब्रेकला तर पायही लागलेला नाही. स्क्रीनवरची ब्रेकची पट्टी नीट बघितली तेव्हा कळलं, ती शून्यावर बसलेलीच नव्हती. तीन-चार टक्क्यांवर थरथरत होती. ऐन पावसाळ्यातली ही गोष्ट. मी नव्या पेडल-संचाच्या किमती बघायला लागलो होतो. तुम्हीही त्याच टप्प्यावर असाल तर पैसे काढायच्या आधी थोडं थांबा.

आधी दुखणं ओळखा. विंडोजच्या रन खिडकीत ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) टाका, तुमचा संच निवडा आणि गेम बंद ठेवून पेडलची पट्टी बघा. संगणक चालू केल्यावर पट्टी अर्ध्यावर असेल आणि पेडल एकदा पूर्ण दाबून सोडल्यावर खाली येत असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. बरेच संच पहिल्या दाबावरच आपली मर्यादा शिकतात. पट्टी स्थिर आहे पण टोकापर्यंत जात नाही, तर प्रश्न कॅलिब्रेशनचा, म्हणजे पेडलचं शून्य कुठे आणि शंभर टक्के कुठे हे संगणकाला शिकवण्याचा. अशा वेळी विंडोजमधलं जुनं कॅलिब्रेशन आधी डीफॉल्टवर न्या, मगच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने करा. एकावर एक दोन कॅलिब्रेशनं चढली की आकडे वेडेवाकडे येतात. आणि पाय लावलेला नसतानाही पट्टी नाचत असेल, तर सेन्सर, वायर किंवा वीजपुरवठा यांतलं काहीतरी आहे. यूएसबी हब काढून केबल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावून बघा; निम्म्या वेळा तिथेच भागतं.

नाहीच भागलं, तर खरी तुलना इथून सुरू होते.

लॉजिटेकच्या जी२९सारख्या संचात तिन्ही पेडलांना पोटेन्शिओमीटर असतो, बोलीत पॉट. आत एक पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा संपर्क. घासतो म्हणून झिजतो, उघडा असतो म्हणून धूळ खातो. पेडल अगदी सावकाश दाबा. ठरावीक एकाच जागी पट्टी उडी मारत असेल तर त्या जागी घाण आहे किंवा ती जागा झिजली आहे. काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर फारच छान: केबल काढून पॉटच्या मधल्या आणि कडेच्या पिनला तो लावा, काटा अलगद सरकायला हवा, झटका दिला की समजा. घाण असेल तर काँटॅक्ट क्लीनरचे दोन फवारे आणि वीसेक वेळा दाब-सोड. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मात्र मारू नका, त्याचा थर आत राहतो आणि नवी धूळ धरून ठेवतो. माझं पेडल या सफाईने वर्षभर सरळ चाललं, मग पुन्हा थरथरायला लागलं. झिजलेल्या पॉटला सफाई हा तात्पुरता उतारा आहे, हे धरूनच चाला.

हॉल सेन्सरमध्ये काहीच घासत नाही. चुंबक फिरतो, सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. फॅनाटेकचे सीएसएल पेडल किंवा मोझाचे एसआर-पी लाइट या जातीचे. हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर पॉटच्या जागी ४९ई हा सेन्सर बसवता येतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो मिळावा, आणि सुटा सेन्सर महाग नाही. फक्त एक लक्षात ठेवा: ५ व्होल्टवर तो साधारण १ ते ४ व्होल्ट एवढंच देतो. आखूड पल्ला कॅलिब्रेशनमध्ये ताणता येत नसेल तर पेडल शंभर टक्क्यांना पोचणारच नाही. बिघडतो तो क्वचित, आणि तेही बहुधा चुंबक सैल झाल्यामुळे.

लोड सेल ही मात्र वेगळी जात. वरचे दोन्ही सेन्सर पेडल किती सरकलं ते मोजतात. लोड सेल तुम्ही किती जोर लावला ते मोजतो. पायाला अंतरापेक्षा जोर जास्त चांगला आठवतो. म्हणून एकाच वळणावर दहा वेळा सारखाच ब्रेक लागतो, आणि खरा फरक पडतो तो इथे. थ्रस्टमास्टरच्या टी-एलसीएममध्ये ब्रेकला लोड सेल आहे आणि थ्रॉटल-क्लचला चुंबकी सेन्सर. मला ही वाटणी अगदी योग्य वाटते, कारण थ्रॉटलला जोर मोजायची गरजच नाही.

पण लोड सेलची दुखणी त्याची स्वतःची. त्याचा मूळ सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर सगळं जोडलं तर शून्य डुलायला लागतं. नट जास्त आवळला की पाय न लावताही दाब दिसतो. काही संच चालू होताना शून्य ठरवतात, त्या क्षणी पाय पेडलवर असेल तर सगळंच चुकतं. शिवाय गुळगुळीत फरशी आणि चाकांची खुर्ची असेल तर तुम्ही ब्रेक मारता आणि स्वतःच मागे जाता.

म्हणून माझं मत असं. थरथर फक्त थ्रॉटलला असेल तर सफाई करा, फार तर हॉल सेन्सर बसवा. ब्रेकला असेल, आठवड्यातून दोन-तीन दिवस तुम्ही मनापासून चालवत असाल आणि पेडल फळीला किंवा रिगला (खुर्ची, स्टिअरिंग आणि पेडल बसवायच्या सांगाड्याला) बोल्टने पक्के करता येत असतील, तर पैसे लोड सेलवरच घाला. ती सोय नसेल तर आधी फळी करून घ्या, पेडल पुढच्या महिन्यात. आणि आल्यावर कमाल जोर ठरवताना जिवाच्या आकांताने दाबू नका. ज्या बुटांत किंवा मोज्यांत रोज चालवता त्यांतच बसा, पाच-सहा जोरदार ब्रेक मारा, दिसणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांवर शंभरची खूण ठेवा, आणि खाली दोन टक्के डेड झोन सोडा, म्हणजे तेवढा हलका दाब मोजलाच जाणार नाही.