मोरिबितो: आधी कादंबरी की आधी मालिका?

नाहोको उएहाशी यांची 'सेइरेइ नो मोरिबितो' ही कादंबरी १९९६ साली जपानमध्ये आली आणि २००७ साली प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओने तिच्यावर २६ भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका केली. दोन्ही इंग्रजीतून आपल्यापर्यंत पोचल्या आहेत आणि दोन्ही उत्तम आहेत, म्हणूनच सुरुवात कुठून करावी हा प्रश्न पडतो. गोष्ट एकच आहे, पण कादंबरीचा जीव एका ठिकाणी आहे आणि मालिकेचा दुसऱ्या. आपल्याला ओढ कशाची आहे हे ओळखलं की निवड सोपी होते.

आधी गोष्ट सांगतो, रहस्य न फोडता. बाल्सा ही तीस वर्षांची भालाईत बाई. पैसे घेऊन लोकांची राखण करणं हा तिचा धंदा. नव्या योगो साम्राज्यात ती पूल ओलांडत असताना शाही ताफ्यातला गाडीचा बैल उधळतो, धाकटा राजपुत्र चागुम नदीत फेकला जातो आणि बाल्सा मागचा-पुढचा विचार न करता उडी घेते. त्याबद्दल तिचा राजवाड्यात पाहुणचार होतो आणि रात्री चागुमची आई, म्हणजे धाकटी राणी, तिच्यापुढे पदर पसरते. मुलाच्या अंगात एका जलचर शक्तीचं अंडं वाढतंय. राजघराण्याला हा डाग वाटतो, आणि खुद्द त्याचा बाप, म्हणजे मिकादो (सम्राट), त्याला गुपचूप मारायला निघालाय. माझ्या लेकाला घेऊन पळून जा, असं राणी म्हणते. बाल्साला नाही म्हणायची सोयच उरत नाही, कारण एवढं गुपित कानावर पडलेल्या माणसाला कोणी जिवंत बाहेर जाऊ देणार नाही. ती राणीला तोंडावर हे सुनावते आणि मग मुलाला घेऊन निघते.

इथपर्यंत कादंबरी आणि मालिका हातात हात घालून चालतात. पुढे वाटा फुटतात.

कादंबरीत काय मिळतं

उएहाशी या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये राहून त्यांनी संशोधन केलंय, आणि ते ज्ञान कादंबरीच्या पानापानांत मुरलेलं आहे. योगो लोक त्या भूमीवर नंतर आलेले. तोरगाल नावाच्या त्यांच्या पहिल्या मिकादोने पाण्यातल्या राक्षसाला मारून ही भूमी पावन केली, अशी त्यांची अधिकृत कथा आहे. शाळेत, दरबारात, उत्सवांत तीच सांगितली जाते. त्यांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या याकू लोकांकडे त्याच घटनेची वेगळी कथा आहे. पण दोनशे वर्षांत याकू आणि योगो एकमेकांत मिसळले, याकूंची भाषा मागे पडली, आणि ती कथा आजीच्या तोंडी अर्धवट, सणाच्या गाण्यात थोडी, दाराला टांगलेल्या नाजी नावाच्या पाखराच्या हाडांमध्ये थोडी, अशी विखुरली. का टांगतो हे विसरलं गेलं, टांगण्याची रीत तेवढी उरली.

चागुमचा जीव वाचवायचा तर हे तुकडे पुन्हा जुळवायला हवेत. कादंबरीचा खरा ताण इथे आहे. तांदा हा जडीबुटी जाणणारा वैदू याकूंच्या गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारत फिरतो. त्याची गुरू तोरोगाइ ही फटकळ म्हातारी मांत्रिक पाण्याखालच्या जीवांशी बोलायला जाते. आणि तिकडे राजवाड्यात शुगा नावाचा तरुण नक्षत्रवाचक कुलूपबंद तळघरात बसून पहिल्या नक्षत्रवाचकाने कोरून ठेवलेल्या शिळा एकेक करून वाचतो. शत्रुपक्षातला हा माणूस आणि रानातली ही म्हातारी एकाच उत्तराकडे दोन बाजूंनी सरकत असतात. राज्यकर्ते इतिहास कसा स्वतःच्या सोयीने लिहितात आणि खरी माहिती कोणाच्या घरात टिकते, हे मुलांच्या पुस्तकात इतक्या स्वच्छपणे आलेलं मी फार कमी वाचलंय.

लेखनाची शैली साधी. वर्णनाचा फुलोरा नाही. मारामारी चटकन उरकते, पण जखम कशी शिवली, त्यानंतर किती दिवस नीट चालता येत नव्हतं, हे लेखिका नेमकं सांगते. खाणंपिणंही तसंच: रानभाज्या घालून शिजवलेलं कालवण, बाजारातल्या दुकानातून विकत आणलेला जेवणाचा डबा. या पदार्थांवर पुढे जपानीत 'बारुसा नो शोकुताकु' हे पाककृतींचं वेगळं पुस्तकही निघालं, यावरून वाचकांना ते किती खरे वाटले असतील ते कळतं.

कादंबरीची आणखी एक जागा मला मालिकेपेक्षा सरस वाटते. या जगात डोळ्यांना दिसणारं 'सागु' आणि न दिसणारं 'नायुगु' अशी दोन विश्वं एकाच जागी आहेत. अंडं वाढू लागतं तसं चागुमला दोन्ही एकदम दिसू लागतात: पायाखाली घट्ट जमीन, आणि त्याच जागी खोल दरी नाहीतर अथांग पाणी. वाचताना पोटात गोळा येतो. मालिकेतलं नायुगु निळंशार, अतिशय देखणं आहे. पण एकदा चित्र समोर आलं की ती भीती मावळते आणि आपण सौंदर्य बघत बसतो.

मालिकेत काय मिळतं

इंग्रजी आवृत्तीची पानं जेमतेम अडीचशेच्या घरात, आणि मालिका २६ भागांची, म्हणजे दहा-अकरा तासांची. साहजिकच दिग्दर्शक केंजी कामियामा आणि त्यांच्या लेखकांनी पुष्कळ भर घातली आहे. त्याआधी 'घोस्ट इन द शेल'वरच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी नावाजलेल्या या दिग्दर्शकाने इथे वेग मुद्दाम कमी केलाय.

सर्वांत मोठी भर मधल्या भागांत आहे. कादंबरीत बाल्सा आणि चागुम रानातल्या झोपडीत आणि मग हिवाळ्यात एका गुहेत लपतात. मालिकेत ती दोघं गुहेत जाण्याआधी एका गावात पाणचक्कीचं घर भाड्याने घेऊन राहतात, आणि कित्येक भाग तिथेच जातात. कधी स्वतःच्या हाताने कपडे न घातलेला मुलगा पैसे मोजायला शिकतो, बाजारात घासाघीस करतो, उन्हाळी उत्सवात गावातल्या पोरांशी कुस्ती खेळतो. आणि बाल्सा, जिला आजवर फक्त राखण करता येत होती, तिला या पोराला वाढवावं लागतं. रागवायचं किती, मोकळं सोडायचं किती, खोटं बोलायचं का, हे तिला ठाऊक नाही. कादंबरीतही हे नातं आहे आणि ते खरं आहे, पण तिथे ते शोधाच्या ओघात घडतं. मालिकेत तेच मध्यावर बसतं. स्वतःचं मूल नसलेली बाई हळूहळू आई होताना, आणि पोराला ते तिच्या आधी कळताना, इतक्या संयमाने दाखवलेलं दुसरं ॲनिमे मला आठवत नाही.

हीच भर काहींना खुपेल. तिसऱ्या भागात रात्रीच्या भातखाचरांत बाल्सा एकटी मिकादोच्या चार 'शिकाऱ्यां'शी, म्हणजे त्याच्या छुप्या मारेकऱ्यांशी, लढते. भाल्याचं वजन, चिखलात रुतणारा पाय, दम लागणं, सगळं जाणवतं. हा भाग पाहून पुढे असंच चालेल असं वाटून बसणाऱ्यांची निराशा होते, कारण त्यानंतर बराच काळ भाला उचललाच जात नाही. एक अख्खा भाग जवळजवळ पूर्णपणे एका लोहाराच्या घरात घडतो. बाल्साला भाल्याचं नवं पातं हवंय आणि लोहार ते कोणाच्या हाती द्यायचं याचा विचार करतोय. तिथे फक्त बोलणं आहे, आणि माझ्या मते तो संपूर्ण मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे. तो पाहून तुम्हाला कंटाळा आला, तर ही मालिका तुमच्यासाठी नाही असं खुशाल समजा आणि पुस्तकाकडे वळा.

मालिका राजवाड्यालाही जास्त वेळ देते. शुगा इथे चागुमचा शिक्षक आहे, शिष्यावर त्याची माया आहे, आणि कर्तव्य व माया यांत त्याची होणारी ओढाताण भरपूर दिसते. पाठलाग करणारे शिकारीसुद्धा माणसं म्हणून उभे राहतात. थोरल्या राजपुत्राचा धागाही मालिकेने वाढवला आहे. याने गोष्ट भरदार होते हे मान्य. पण कादंबरीत बापाने मुलाच्या खुनाचा हुकूम दिला ही गोष्ट कोणत्याही सारवासारवीविना आपल्या समोर येते, आणि तो गारठा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

संगीताच्या बाबतीत मात्र पुस्तकाला उत्तर नाही. केंजी कावाई यांचं पार्श्वसंगीत, आणि त्यातही 'नाजी पाखराचं गाणं'. पुस्तकात त्या गाण्याच्या ओळी वाचायला मिळतात. मालिकेत ते कानावर पडतं, मग पुन्हा पडतं, आणि पुढे त्याचा अर्थ उलगडतो तेव्हा ते आपल्याही ओठांवर असतं. लोकांच्या तोंडी टिकलेलं ज्ञान म्हणजे काय, हा कादंबरीचा मुद्दा इथे मालिकेने स्वतःच्या साधनाने पकडलाय.

कोणी काय घ्यावं

घरात दहा-बारा वर्षांचं वाचणारं मूल असेल तर पुस्तकच द्या. कॅथी हिरानो यांचं इंग्रजी भाषांतर सरळ, सोपं आहे. २००९ साली त्याला अमेरिकेत अनुवादित बालसाहित्यासाठीचा बॅचेल्डर पुरस्कार मिळाला. स्वतः उएहाशींना २०१४ साली बालसाहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. हिंसा आहे, पण ती चवीने रंगवलेली नाही. शिवाय मुलांच्या पुस्तकाची नायिका तिशीतली, अंगावर जखमांचे वण असलेली, रोजगारासाठी वणवण करणारी बाई आहे. मुलांना असं पात्र भेटायलाच हवं.

इंग्रजी वाचन जड जात असेल, किंवा घरातल्या मोठ्यांसोबत मिळून काही बघायचं असेल, तर मालिका घ्या. इंग्रजी डबिंग आहे, पण मूळ जपानी आवाज ऐकत इंग्रजी सबटायटल वाचणं जमत असेल तर ते करा. माबुकी आंदो यांनी बाल्साला दिलेला भारदस्त, शांत आवाज चुकवण्यासारखा नाही. आणि पुण्यात किंवा इतरत्र जपानी शिकणाऱ्यांनी मूळ कादंबरीलाच हात घालावा. लहान वाचकांसाठी लिहिलेली भाषा असल्याने मधली पातळी गाठलेल्याला ती चिकाटीने झेपेल.

लोककथा, इतिहास, मौखिक परंपरा यांत रस असणाऱ्यांनी पुस्तक निवडावं. माणसामाणसांतलं नातं हळूहळू घट्ट होताना पाहायला आवडत असेल त्यांनी मालिका. दोन्हींपैकी एकच करता येणार असेल आणि तुम्ही प्रौढ असाल, तर माझं मत मालिकेच्या बाजूने आहे, कारण पुस्तकातला शोध तिने बहुतांशी राखलाय आणि पाणचक्कीचं घर हे तिचं स्वतःचं देणं आहे.

दोन्ही करणार असाल तर पुस्तक आधी वाचा. रहस्य आधी कळल्याने मालिकेची गोडी जाईल ही भीती नको. उलट, मालिका आधी पाहिली तर मधल्या संथ भागांत 'अंड्याचं पुढे काय होणार' ही घाई मनात राहते, आणि नंतर वाचताना पुस्तक फार भरभर संपल्यासारखं वाटतं. उत्तर माहीत असेल तर ते मधले भाग माणसांकडे बघत निवांत पाहता येतात.

निवड काहीही करा, एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. मूळ कादंबरी-मालिकेचे १९९६ ते २००७ या काळात दहा खंड निघाले आणि ॲनिमे फक्त पहिल्या खंडावर आहे. इंग्रजीत पहिले दोनच आले. दुसरा खंड, 'यामी नो मोरिबितो', बाल्साला तिच्या मायदेशी, कानबालच्या डोंगरांत घेऊन जातो. तिला लहानपणी वाचवून वाढवणाऱ्या जिगुरोला त्यासाठी स्वतःच्याच आठ मित्रांना मारावं लागलं होतं, आणि तो हिशेब तिथे पुरा होतो. हा खंड मला पहिल्यापेक्षा सरस वाटतो. चागुम त्यात नाही, पण पहिल्या खंडात बाल्सा एका अनोळखी मुलासाठी जीव धोक्यात का घालते, याचं पूर्ण उत्तर इथे मिळतं. त्यामुळे मालिका पाहून थांबणाऱ्यांनीही हे एक पुस्तक मिळवून वाचावंच.

मोठा झालेल्या चागुमचं पुढे काय होतं हे जपानी न वाचता जाणून घ्यायचं असेल, तर जपानच्या एन.एच.के. या वाहिनीने २०१६ ते २०१८ दरम्यान हारुका आयासे यांना बाल्साच्या भूमिकेत घेऊन केलेली २२ भागांची मालिका आहे. त्यात खरे नट आहेत आणि ती कथा शेवटच्या खंडांपर्यंत नेते.