‘जुना सेट द्या, 3,500 कमी’ : गाडी लो करणाऱ्यांनो, आधी हे वाचा

स्विफ्ट ‘लो’ करायच्या, म्हणजे आखूड स्प्रिंगा घालून तिची उंची कमी करायच्या नादात माझे 45,870 रुपये गेले आणि गाडी आज कंपनीतून आली तेवढ्याच उंचीवर आहे. हसायचं असेल तर हसून घ्या. घरचे हसून झालेत.

पैसे घेतले आणि नंबर ब्लॉक केला, अशी साधी चोरी ही नव्हे. तसल्या भामट्यांना मी चांगला ओळखतो. इथे माल आला, कुरियरनं आला, फोन उचलला गेला, अगदी ‘सर, फिटिंग झालं का?’ म्हणून विचारपूसही झाली.

चार स्प्रिंगा आणि चार गॅस शॉकअप, 40 मिमी लोअरिंग, भाव 21,500. ओळखीच्या दुकानात नावाजलेल्या कंपनीच्या सेटला 46,000 सांगितले होते. सेकंडहँड गाडीत एवढे कोण घालणार? त्यात हा विकणारा म्हणाला, गाडीतून निघालेला जुना सेट पाठवलात तर 3,500 कमी. म्हणजे 18,000. पाच आगाऊ, तेरा माल निघताना. पक्कं बिल मागितलं तर ‘जीएसटी वर पडेल सर, कशाला उगाच?’ कच्च्या पावतीवर काम भागवणारा मी एकटाच आहे का? अर्ध्या गावाचे स्पेअर पार्ट तसेच येतात.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. उद्यमनगरातल्या फिटरनं पुढची स्प्रिंग हातात घेतली, फिरवली आणि म्हणाला, “दादा, ह्याचं टोक बघा की. सरळ तोडल्यागत हाय.” मी बघितलं. वरचा शेवटचा वेढा बसकीत, म्हणजे स्प्रिंग जिथे टेकते त्या खोबणीत, बसेल असा वळवलेला नव्हता, ग्राइंडरनं मारल्यासारखा आडवा संपत होता आणि तिथेच लाल रंग जाड थापला होता. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. समोरचा शांतपणे म्हणाला, “लोअरिंगची स्प्रिंग आखूडच असते ना सर, ती कंपनी फिनिशिंग आहे.” मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, शॉप फ्लोअरवर घासलेला माणूस, त्यामुळे मला कळायला हवं होतं असं सगळे म्हणतात. पण गाडी लिफ्टवर, जुने शॉकअप खाली काढून ठेवलेले, फिटरचा पुढचा गिऱ्हाईक दारात उभा. त्या घटकेला ‘परत बांध’ म्हणून दाखवा कुणीतरी.

शॉकअपचं तेच. गॅसवाल्या शॉकअपचा दांडा दाबून सोडला की आपोआप वर येतो. यांचा दाबला तिथेच राहिला. उत्तर आलं, ‘नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो.’ जुन्या नळकांड्यांत तेल भरून वर स्टिकर मारलेला होता, हे पुढचा डावा गळायला लागल्यावर समजलं.

फिटिंगचे 2,800, अलाइनमेंटचे 700, ट्रान्सपोर्टचे 850. आणि जुना सेट त्याला परत पाठवायचे 620, माझ्याच खिशातून! का? तर ‘जुना सेट मिळाल्याशिवाय वॉरंटी चालू होत नाही’. तिथे खरी मेख आहे, ती पुढे सांगतो. गाडी समोर 55 मिमी बसली, मागे जेमतेम 30, प्रत्येक गतिरोधकावर बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, धाडकन आदळायची. सहा वेढ्यांतला दीड कापला की उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशानं ताठ होते, पण चाकाला खालीवर व्हायला जागाच उरत नाही. टायरवाल्यानं मागून जॅक लावला तेव्हा एक स्प्रिंग बसकीतून सरकून बाहेर आली. हायवेला खड्ड्यात चाक लोंबलं असतं तर?

त्या काढल्यावर पॉलिश पेपर मारला. लाल रंगाखाली कंपनीच्या ओळख-रंगाचे ठिपके निघाले. स्विफ्टच्याच मूळ स्प्रिंगा, कुणा दुसऱ्याच्या गाडीतल्या. म्हणजे एक्सचेंजमध्ये येतो तो जुना सेट हाच याचा कच्चा माल! माझ्या स्प्रिंगा आता कापून, रंगवून कुणाच्या तरी गाडीखाली असणार. 3,500 सूट देऊन त्यानं माझ्याकडून माल विकत घेतला आणि गाडी मूळ रूपात आणायचा माझा रस्ताही बंद केला. नवा मूळ सेट 19,400, पुन्हा फिटिंग, पुन्हा अलाइनमेंट.

मग सरकारी दारं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय ना, मग हा सायबर गुन्हा नाही, ठाण्यात जा. ठाण्यातल्या साहेबांनी पंखा स्वतःकडे वळवून घेतला आणि विचारलं, “गाडीत फेरफार करणं बेकायदेशीर आहे, माहीत आहे ना? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लावू का तुम्हालाच?” फसलो मी, जबाब मीच द्यायचा! ‘दिवाणी बाब आहे’ हे वाक्य बहुतेक भिंतीवर लिहून ठेवलं असावं, इतकं पाठ होतं सगळ्यांना. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 मी छापून नेलं होतं. ते वाचायला चष्मा सापडला नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितल्यावर ‘उद्या या’. उद्या साहेब बंदोबस्ताला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरची मुलगी निदान नीट बोलली, पण पक्कं बिल नाही म्हटल्यावर तीही अडली. चोराला मोकळं रान आणि आपण झेरॉक्सच्या दुकानात.

स्प्रिंग हातात आली की दोन्ही टोकं आधी बघा, मूळ स्प्रिंगेशेजारी ठेवून. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो, तो न देणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ नको. 30 मिमीपेक्षा जास्त खाली जायचं असेल तर आखूड शॉकअपचं बजेट धरा, नाहीतर नाद सोडा. आणि मूळ सेट कुणालाही, कितीही सूट दिली तरी देऊ नका. माळ्यावर टाका.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ज्यांनी असा जुना सेट पाठवलाय, त्यांनी कुरियरची पावती फेकू नका आणि मला कळवा. एकट्याचा अर्ज दिवाणी ठरतो, दहा जणांचा ठरतो का ते बघू.