टॅपेटच्या आवाजावर ४६ हजारांचं बिल

नाशिकमधल्या एका गॅरेजने आमच्याकडून हेडच्या (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) कामाचे ४६ हजार रुपये घेतले आणि हेड उतरवलंच नाही. ज्यांच्याकडे भरपूर चाललेली पेट्रोल गाडी आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय, कारण ज्या आवाजाचा धाक दाखवून आम्हाला लुटलं, तो आवाज अशा बहुतेक गाड्या कधी ना कधी करतातच.

गाडी बाबांची. चार सिलेंडर, आठ व्हॉल्व्ह, १ लाख ९० हजार किलोमीटर उलटलेले. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सुरू असताना, इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक यायची, रेस दिली की टकटकही जलद व्हायची. बाकी काही नाही. धूर नाही, ऑइल घटत नव्हतं, कसारा घाटात ओढ कमी नव्हती. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, रेस देऊन कान लावला आणि निदान सांगून मोकळा झाला. "ताई, टॅपेट गेलेत, रॉकर गेलेत, कॅम पण खाल्लाय. घाटात व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला तर अख्खं इंजिन बांधावं लागेल." (कॅम म्हणजे कॅमशाफ्ट, हा फिरणारा दांडा. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, रॉकर आणि टॅपेटमार्फत व्हॉल्व्ह उघडतात.) बाबा त्याच गाडीने निफाडला ये-जा करतात. असं ऐकल्यावर घरात कोणाला झोप लागणार?

गाडी ताब्यात देताना त्याने वर्तमानपत्रावर मांडलेले जुने पार्ट दाखवले. झिजलेला कॅमशाफ्ट, खड्डे पडलेले रॉकर. मी फोटो काढला. बिलात कॅमशाफ्ट, रॉकर, व्हॉल्व्ह गाइड, सीट कटिंग, हेड गॅस्केट, सगळं होतं. आवाज बंद झाला होता, म्हणून पैसे दिले.

काही आठवड्यांत टकटक परत आली, आणि आता गाडी आयडलला थरथरायलाही लागली. माझे मामा अंबडला टूलरूममध्ये होते. ते गाडी त्यांच्या ओळखीच्या सातपूरच्या मेकॅनिककडे घेऊन गेले. त्याने आधी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, कारण टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली बारीक फट, कंपनीने ज्या तापमानाला सांगितला असेल त्याच तापमानाला मोजायचा असतो. मग टॅपेट कव्हर काढलं आणि मला जवळ बोलावलं.

हेड बोल्टच्या डोक्यांवर वर्षानुवर्षं जळलेल्या ऑइलचा तपकिरी थर होता, सलग, कोपऱ्यांतसुद्धा. पाना लागला असता तर कडा चकाकल्या असत्या. चकाकत होते ते फक्त टॅपेटचे लॉकनट, म्हणजे लावलेला गॅप पक्का धरून ठेवणारे नट. हेड आणि ब्लॉकच्या मधे दिसणारी गॅस्केटची कड जुनी, मळलेली. कूलंट गंजाळलेलं. हेड उतरवायचं तर कूलंट काढावंच लागतं. मग मामांनी माझ्या फोनमधला फोटो मोठा करून कॅमवरचे लोब मोजले. सहाच होते. आमच्या इंजिनाला आठ लागतात. आम्हाला दाखवलेला कॅमशाफ्ट कुठल्या तरी तीन सिलेंडरच्या गाडीतला होता.

सगळ्यात घातक गोष्ट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, दाखवली. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा जात नव्हती. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट गरजेपेक्षा जास्त आवळले होते. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला (बंद होताना तो ज्या कड्यावर बसतो त्याला) टेकूनच बाहेर टाकतो. गॅपच उरला नाही तर तो पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गळतं आणि पुढे व्हॉल्व्हची कड जळते. म्हणजे आधी इंजिन फक्त वाजत होतं, यांनी ते मरणाच्या वाटेला लावलं होतं. टकटक येत होती ती तिसऱ्याच टॅपेटची, त्याचा लॉकनट सैल राहिला होता.

सातपूरच्या मेकॅनिकने गॅप नीट लावले, आमच्यासमोर कॅमच्या लोबची उंची मोजली, मग चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन तपासलं. आकडे जवळपास सारखे आले, थरथर गेली. एखादं सिलेंडर कमी आलं असतं तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा तपासलं असतं, असं तो म्हणाला. ऑइलने आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगकडे, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे. आणि कॅम किंवा रॉकर खरंच झिजत असतील तर गॅप लावल्यावर तो लवकरच पुन्हा वाढतो. हेड खोलण्याची भाषा त्यानंतरची. माझं ठाम मत आहे की ज्याने गॅपचे आणि कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून दिले नाहीत, त्याला हेडला हात लावू देऊ नये. हेड खरंच उतरलं, तर ते लेथवाल्याकडे असताना जाऊन बघा आणि तिथलं वेगळं बिल मागा.

पहिल्या गॅरेजवाल्याने आधी फोन उचलला नाही, मग "पोराकडून बिल चुकलं" म्हणाला. पैसे काही दिले नाहीत. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. आमच्याकडे बिल आहे, सहा लोबचा फोटो आहे आणि न उघडलेल्या बोल्टचे फोटो आहेत. तुमच्याही गाडीचं असं काम अलीकडे झालं असेल, तर बिल शोधून ठेवा आणि कव्हर काढून बोल्टची डोकी एकदा बघून घ्या.