शेळीफार्मसाठी राखणीचा कुत्रा: दोन महिन्यांचं पिल्लू, आठ महिन्यांचा की दोन वर्षांचा? तिन्ही वयांचा रिव्ह्यू

थेट मुद्द्यावर येतो. फार्मवर आत्ता एकही कुत्रा नाहीये, लांडगा किंवा गावातली मोकाट कुत्री त्रास द्यायला लागलीत आणि तुम्ही राखणीसाठी पहिलाच कुत्रा घेताय, तर पिल्लू घेऊ नका. दीड-दोन वर्षांचा, मेंढरात जन्मलेला आणि मेंढरातच वाढलेला कुत्रा शोधा. पैसे जास्त जातील, शोधायला वेळ लागेल, तरी तोच घ्या. पिल्लू नंतर आणा, त्याच्या हाताखाली वाढवायला. आणि पाच महिने ते वर्षभर या मधल्या वयाचा कुत्रा कुणी "ट्रेन्ड आहे, उद्यापासून काम करतो" म्हणून विकत असेल तर तो शेळ्यांमध्ये मोकळा सोडलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

आमचा फार्म माण तालुक्यात आहे, उस्मानाबादी शेळ्या जास्त, सोबत थोडी माडग्याळ मेंढरं. दिवसा माळावर चराई, रात्री जाळीच्या शेडमध्ये. आजूबाजूला माळरान असल्यामुळे लांडगा इथलाच, तो आधीपासून आहे आणि राहणार, त्याला मारायचा विचार कुणी करू नका, वन्यजीव कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे आणि माझ्या मते ते असायलाच हवं. त्यामुळे राखण आपणच नीट करायची, आणि त्यात कुत्र्याच्या जातीवर लोक जेवढं भांडतात त्याच्या पावपटही वयावर बोलत नाहीत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला आणला तो मोठा कुत्रा, काळ्या. एका मेंढपाळ मामांनी वयोमानामुळे कळप कमी केला, त्यांच्याकडून घेतला, तेव्हा तो दोन वर्षांच्या पुढचा होता. माझं रेटिंग ५ पैकी ५. कारण तो जे करतो ते कुणी शिकवलेलं नाही, मोठ्या कुत्र्यांबरोबर वाघरीशेजारी (मेंढरं रात्री कोंडायच्या जाळीशेजारी) झोपून झोपून आलेलं आहे. चराईला शेळ्या पांगल्या की तो मध्ये न राहता वाऱ्याच्या बाजूला उंचवट्यावर जाऊन बसतो. अनोळखी कुत्रं दिसलं की आधी भुंकतो, मग शेळ्या आणि त्या कुत्र्याच्या मधे उभा राहतो, पण पाठलाग करत लांब जात नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण लांडगे बऱ्याचदा जोडीने येतात आणि कुत्रा एकाच्या मागे लांब गेला तर दुसऱ्याला रान मोकळं. शेळी व्याली की तो लांब बसतो, पडलेली वार (व्यायल्यावर बाहेर पडणारी झिल्ली) शेळी बाजूला झाल्यावरच खातो, करडू अंगावर चढलं तरी हलत नाही. व्यायच्या वेळी रक्ताच्या आणि वारेच्या वासानेच जनावरं जवळ येतात, त्या रात्री असा कुत्रा शेजारी असणं म्हणजे मला झोप लागणं, एवढं साधं आहे ते.

मोठा कुत्रा घेताना अडचणी आहेत, त्या पण सांगतो. एक म्हणजे चांगला कुत्रा मेंढपाळ विकतच नाही, त्याच्यावर त्याची मेंढरं जगतात. म्हणून विकतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा की का विकताय. कळप विकला, माणूस थकला, मुलं शहरात गेली, ही कारणं पटण्यासारखी. पण उत्तर टाळलं तर समजा की एकतर कोकरं धरतोय, नाहीतर माणसांना चावतोय, नाहीतर कळप सोडून फिरतोय. दुसरं, एक रात्र त्या मेंढपाळाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामी, जाऊन थांबा. रात्री एक-दोन वाजता कुत्रा कुठे आहे ते बघा, मेंढरांजवळ आहे की माणसांच्या चुलीजवळ. तिसरं म्हणजे वय, दोन ते चार वर्षं सगळ्यात बेस्ट, सहाच्या पुढचा असेल तर अनुभव भरपूर पण पळायची ताकद कमी होत जाते आणि तुम्हाला त्याच्या हाताखाली पिल्लू तयार करून घ्यायला वेळही कमी मिळतो.

आणि आणल्या आणल्या मोकळा सोडू नका! तो परत जुन्या वाड्याच्या दिशेने निघतो, कितीही किलोमीटर असू दे. शेळ्या दिसतील, वास येईल, पण मध्ये जाळी राहील अशा जागी तीन-चार आठवडे ठेवायचा, खायला रोज एकाच माणसाने घालायचं, संध्याकाळी साखळीवर कळपाबरोबर फिरवून आणायचा. मेंढरात वाढलेल्या कुत्र्याला शेळी जरा वेगळी वाटते, शेळ्या उड्या मारतात, अंगावर येतात, मेंढरासारख्या एकगठ्ठा राहत नाहीत, त्यामुळे हा वेळ द्यावाच लागतो. मामांच्या कळपातल्या दोन मेंढ्या पण सोबत घेतल्या होत्या, त्याचा फार फायदा झाला, ओळखीचं काहीतरी जवळ असलं की कुत्रा लवकर रमतो.

आता पिल्लू. काळ्या रुळल्यावर दुसऱ्या एका वाड्यावरून राणीला आणली, साधारण आठ आठवड्यांची. रेटिंग ५ पैकी साडेचार, पण हे रेटिंग घरात आधीच शहाणा कुत्रा आहे त्यांच्यासाठी आहे, पहिलटकराला मी दोनच देईन.

पिल्लाचं शास्त्र समजून घ्या म्हणजे वयाचं महत्त्व कळेल. साधारण तीन ते सोळा आठवडे या काळात कुत्र्याचं पिल्लू आपलं कोण हे ठरवतं. या काळात ज्यांच्या संगतीत राहील, ज्यांचा वास घेईल, ते आयुष्यभर त्याचे. अमेरिकेत हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दोघांनी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून युरोप-तुर्कस्तानातले राखणीचे कुत्रे आणून शेतकऱ्यांना दिले आणि त्यांचा अभ्यास केला, त्यातून हीच गोष्ट पुढे आली की राखणीचा कुत्रा जातीने जेवढा बनतो तेवढाच या आठवड्यांत बनतो. त्यांनी चांगल्या कुत्र्याच्या तीन कसोट्या मांडल्या, जनावरांना इजा करत नाही, जनावरांपासून लांब जात नाही आणि धोका आला की मध्ये पडतो. आपले मेंढपाळ हे पिढ्यानपिढ्या करतच आलेत, कुत्री वाड्यावरच विते, पिल्लं कोकरांमध्येच लोळतात, कुणी मुद्दाम काही करत नाही.

म्हणून पिल्लू घ्यायचं तर सात-आठ आठवड्यांचं घ्या. त्याआधी नको, आई आणि भावंडांकडून जोरात चावायचं नाही हे ते शिकत असतं. आणि घरात, मुलांमध्ये, सोफ्यावर वाढलेलं चार महिन्यांचं गोंडस पिल्लू तर राखणीसाठी बिलकुल नको, त्याची वेळ निघून गेलेली असते, त्याचा कळप म्हणजे तुमची मुलं. माणसांची ओळख मात्र हवी, हात लावून घेणं, साखळी, डॉक्टरचं इंजेक्शन, गाडीत बसणं हे या वयातच करून घ्या, नाहीतर मोठेपणी धरायला चार माणसं लागतात. पण खेळ, लाड आणि झोप शेळ्यांच्याच गोठ्यात.

राणीला शांत अशा चार-पाच पाटींबरोबर (तरुण शेळ्यांबरोबर) छोट्या कप्प्यात ठेवली होती, कोपऱ्यात फळ्या लावून तिच्यापुरती आत शिरायची जागा केलेली, कारण नुकतीच व्यालेली शेळी पिल्लाला ढुशी मारून बरगडी मोडू शकते. खाणं पण त्या फळीच्या आत, नाहीतर भाकरी शेळ्याच खातात आणि मग पिल्लू खाण्यासाठी शेळ्यांवर गुरगुरायला शिकतं, ही सवय लागली की जात नाही. आणि एकाच विणीतली दोन पिल्लं एकदम आणू नका, लोकांना वाटतं जोडीने वाढतील, पण ती एकमेकांत रमतात, शेळ्यांमध्ये नाही. दोन हवेत तर मध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर ठेवा.

पिल्लाचा खरा कस लागतो पाच-सहा महिन्यांनंतर. दात नवे, अंगात ताकद, डोकं मात्र पोराचं. राणी करडांच्या मागे पळायची, कान तोंडात धरायची. इथेच काळ्याची किंमत कळते, तो उठून एकदा गुरकावला की ती जागेवर बसायची. जिथे मोठा कुत्रा नाही तिथे हे काम माणसाला करावं लागतं आणि ते दिवसभर होत नाही. अशा वेळी करडांपासून वेगळं काढून बोकडांमध्ये आणि वयस्क शेळ्यांमध्ये ठेवायचं, त्या ऐकून घेत नाहीत, शिंगावर घेतात. गळ्यात लोढणं बांधायचं म्हणजे पळता येत नाही, गुरांना बांधतो तसंच, पण हलकं आणि गुडघ्याला लागून जखम होणार नाही असं. मारू नका. मार खाल्लेला कुत्रा शेळ्यांनाच टाळायला लागतो. पहिल्या वर्षात करडांबरोबर एकटं सोडायचं नाही, पहिलं वेत तिच्यासमोर होताना आपण हजर राहायचं. राणी आता दीड वर्षाच्या पुढे गेलीय तेव्हा कुठे तिच्यावर रात्र सोपवता येतेय. म्हणजे आज आणलेलं पिल्लू पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर कामाला येणार हे धरून चाला, तोपर्यंत लांडगा थांबणार नाहीये.

तिसरं वय, आठ-दहा महिन्यांचा कुत्रा. चुलत भावाने ऑनलाइन जाहिरात बघून असा एक घेतला, विकणाऱ्याचं नाव लिहित नाही. दिसायला जबरदस्त, छाती रुंद, आवाज भारी, व्हिडिओत शेळ्यांशेजारी उभा. नंतर कळलं की पिंजऱ्यातच वाढलेला, व्हिडिओपुरत्या शेळ्या आणलेल्या. आठवड्याभरात त्याने दोन करडं खेळून खेळून मारली. तो खवळलेला नव्हता, त्याला ते खेळणंच वाटत होतं, आणि हे बघायला फार वाईट वाटतं कारण चूक कुत्र्याची नसते. लोढणं, बोकडांची संगत, सगळं करून तो आता मोठ्या शेळ्यांत ठीक आहे, करडांत कधीच सोडत नाहीत, मुख्यतः गेटवर असतो. रेटिंग ५ पैकी १. हेच वय पण वाड्यावर जन्मून तिथेच वाढलेल्या कुत्र्याचं असेल तर ५ पैकी ३ देईन, कारण पाया झालेला असतो, फक्त उरलेलं आडदांड वय तुमच्याकडे काढायचंय.

वय सांगताना फसवतात, म्हणून तोंड उघडून दात बघा. पिल्लाला आठ आठवड्यांपर्यंत सुईसारखे बारीक २८ दुधाचे दात येतात. चार ते सात महिन्यांत ते पडून पक्के ४२ येतात, त्यामुळे दुधाचे सुळे असतील तर तो सात महिन्यांचा नाही. पक्क्या पुढच्या दातांना नव्यात तीन टोकं असतात, साधारण दीड वर्षापासून खालच्या मधल्या दोन दातांची टोकं झिजायला लागतात. टोकं कोरी आणि सांगतोय तीन वर्षांचा, तर निघून या. उलट दगड किंवा साखळी चावणाऱ्या कुत्र्याचे दात लवकर झिजतात, तेही लक्षात ठेवा.

जातीबद्दल थोडंच. मुधोळ किंवा कारवानी शिकारीचा, नजरेने पाठलाग करणारा कुत्रा आहे, अप्रतिम जनावर, पण पळणाऱ्या करडामागे पळणं त्याच्या रक्तात आहे, त्याला कुठल्याही वयात घेतलं तरी राखणीला तो माझी पहिली पसंती नाही. हिमालयातला भोटिया राखणीचाच, पण ते केस घेऊन आपला एप्रिल-मे त्याने कसा काढायचा? कांगल वगैरे परदेशी जातींबद्दल विचारणारे खूप आहेत, मार्च २०२४ मध्ये केंद्राने बंदीचं परिपत्रक काढलं त्या यादीत कांगल होता, पुढे कर्नाटक हायकोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं, पण वाड्यावरचा आपला कुत्रा ऊन, भाकरी-ताक आणि माळ यातच घडलेला असताना एवढ्या भानगडीत का पडायचं हे मला कळत नाही.

जुन्नर, शिरूर, अकोले भागातल्यांनी मात्र वेगळा विचार करा. बिबट्यासाठी कुत्रा हा पहारेकरी कमी आणि भक्ष्य जास्त. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा ११ टक्के, आणि तिथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. तिथे कुठल्याही वयाचा कुत्रा रात्री उघड्यावर बांधून ठेवणं म्हणजे त्याला मरायला ठेवणं. शेड वरून-खालून बंद, कुत्रा आत, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, आणि पिल्लू तर बाहेर नकोच.

कुठल्याही वयाचा आणा, पहिल्याच दिवशी जंताचं औषध, तेही पट्टकृमीवर चालणारं, आणि पुढे दर तीन महिन्यांनी. कुत्र्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीची अंडी चाऱ्यातून मेंढरांच्या पोटात जातात, त्यातली अळी मेंदूत जाऊन गाठ धरते, जनावर गोल गोल फिरतं आणि जातं. म्हणून मेलेल्या जनावराची मुंडी किंवा कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्याला कधीच घालू नका. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग दरवर्षी, आणि मोठा कुत्रा घेताना आधी दिलीय म्हणाले तरी कागद नसेल तर पुन्हा द्या. नसबंदी पूर्ण वाढ झाल्यावर, दीड वर्षाच्या आसपास करून घ्या, पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय, त्यामुळे माळावर फिरणाऱ्या आपल्या कुत्र्याची नसबंदी लांडग्यासाठी पण गरजेची आहे. कुणाला माण-फलटण-सांगोला भागात मोठा कुत्रा शोधायचा असेल तर पावसाळ्यात मेंढरं माळावर परत आलेली असतात तेव्हा वाड्यांवर जाऊन विचारा, फोनवर ही खरेदी होत नाही.